न चालणारी

डेपोत रात्री साडेदहाला डहाके हिशेब घेतात.
नोटा अंगठ्याने, नाणी बोटाच्या पेराने,
आणि मधेच एखादं नाणं बाजूला सरकवतात,
निवडताना तांदळातला खडा सरकवावा तसं.
"मॅडम, हे नाई चालत."

मग माझ्या पर्समधलं दुसरं त्याच्या जागी जातं.
न चाललेलं माझ्यासोबत घरी येतं,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
अकरा वर्षं झाली.
डबा आता एका हाताने उचलत नाही.

सिंहांची तोंडं गेलेली, नुसते खांदे उरलेले.
दोन रुपयांवर पिनेने कोरलेलं 'सु',
पुढचं अक्षर कोरायच्या आधी
खर्चावं लागलं असेल.
एकाला डांबर चिकटलंय,
मे महिन्यात वर्धा रोडवर पडलेलं,
दुपारी तीनला कोण वाकणार उचलायला.

एक पानासारखं पातळ.
मोतीबागेकडे छोट्या लाइनीच्या रुळावर
कुण्या पोराने ठेवलं असेल, आणि कान लावून बसला असेल.
ती गाडी बंद झाली.
नाणं अजून तिच्याखालीच आहे.

आणि हा भोकाचा रुपया.
भोकाची कड आतून गुळगुळीत,
म्हणजे दोरा पुष्कळ दिवस घासला.
करदोट्यात असेल, गळ्यात असेल.
मग एका सकाळी कोणी दोरा तोडला
आणि बर्डीपर्यंतचं तिकीट मागितलं.
मी सुटे परत दिले.
चेहरा आठवत नाही.

शेंडे ड्रायव्हर म्हणाले,
"काऊन घरी ठेवता? इतवारीत जा,
जुन्या नाण्याले हजार-हजार देतात लोक."
सुट्टीच्या दिवशी गेले.
सराफा ओळीच्या मागे, जिन्याखाली
पालांदूरकरांचं दुकान, म्हणजे एक टेबल, एक दिवा.
डोळ्याला भिंग लावून त्यांनी डबा उपसला.
एक नाणं बराच वेळ धरून ठेवलं.
माझ्या मनात तेवढ्यात गॅसची शेगडी येऊन गेली,
दोन बर्नरची.
"नाही," म्हणाले. "हातोडीचं काम आहे कोणाचं तरी."

मग समजावून सांगितलं, चहा मागवून.
"ताई, टांकसाळीत चुकलं असलं तर बोला.
ठसा सरकला, कड तिरपी कापली गेली,
जन्मतःच वाकडं, त्याले भाव आहे.
हे तर माणसाईनं बिघडवलेलं.
हे भंगार."

मी चहा पिताना माझा अंगठा पाहिला.
जुन्या तिकीटपंचाचा घट्टा आहे त्यावर,
मशीन येऊनही गेला नाही.
तोही टांकसाळीतला नव्हे.
हसू आलं. पालांदूरकरांना वाटलं, चहा गोड झाला.

डबा परत आणला.
इतवारीतून गांधीबागेपर्यंत चालत,
कमरेवर, लेकरू घ्यावं तसा,
कारण रिक्षावाला साठ म्हणाला.

या आठवड्यात मानेवाड्याची गाडी आहे.
काल एक जण चढला, एक्सरेचा मोठा लिफाफा,
"मेडिकल," म्हणाला, आणि मूठ उघडली.
पंधरा रुपये, सगळे सुटे,
आणि एका नाण्यावर त्याचा अंगठा घट्ट दाबलेला.
मी हात पुढे केला.
अंगठा उचलला गेला नाही लवकर.
खाली एक काळं पडलेलं पाचाचं नाणं,
जळलेल्या घरातलं, की चुलीतलं, की दुसरीकडचं,
विचारलं नाही.
मला दिसलं ते,
मला दिसलेलं त्यालाही दिसलं.

मशीनमधून चिठ्ठी काढली.
"पुढे सरका, पुढे जागा आहे," जरा मोठ्यानेच म्हटलं.
ते पाच रुपये बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकले
आणि माझे पाच बाहेरच्या.
रात्री डहाक्यांचं एक वाक्य वाचलं.

मेडिकल चौकात लिफाफा छातीशी धरून
तो आधी एक पाय, मग दुसरा, असा उतरला.
शेंडे आरशात बघत थांबले होते.
मी घंटी दिली, दोनदा.